धंदा रक्तात नसतो

बृहन्महाराष्ट्रातील मराठी मंडळींच्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘धंदा करावा तो त्यांनीच, तो त्यांच्या रक्तातच असतो.’ बडोद्यास हे वाक्य गुजराती शेजाऱ्याकडे पाहून उच्चारले जाते, इंदुरास मारवाड्याकडे पाहून. वरवर पाहता ही दुसऱ्याच्या गुणांची कदर आहे. वस्तुतः ती स्वतःच्या आळसाची तरफदारी आहे. कारण जे रक्तात असते ते कमवावे लागत नाही आणि जे रक्तात नसते त्याचा जाब कोणी विचारीत नाही. शिवाय या वाक्याच्या पोटात आणखी एक वाक्य दडलेले असते : त्यांच्या रक्तात पैसा, आमच्या रक्तात विद्या. आम्हांस ही दोन्ही विधाने सारखीच खोटी वाटतात.

रक्ताचा सिद्धान्त पुराव्यापुढे टिकत नाही. चरोतरचे पाटीदार मूळचे शेतकरी. त्यांच्यातील कितीतरी तरुण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पूर्व आफ्रिकेत गेले, तेथे दुकाने थाटून बसले, आणि दोन-तीन पिढ्यांत त्या समाजाची गणना व्यापारी म्हणून होऊ लागली. इतक्या अवधीत रक्त बदलत नाही. घरात चालणारे बोलणे बदलते. आपल्याकडेही उदाहरणे उणी नाहीत. थोरल्या बाजीरावास कर्जे देणारे धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी संन्यासी होते. जोतीराव फुले हे खडकवासल्याच्या धरणाच्या कामावर ठेकेदारी करीत होते, हे त्यांच्या जयंतीच्या भाषणांत क्वचितच सांगितले जाते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी मुंबईतील शिक्षकाची नोकरी सोडून लोखंडी नांगर घडविले आणि 1910 साली औंध संस्थानातील माळरानावर कारखाना उभा केला. प्रवरेकाठच्या शेतकऱ्यांनी विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने आणि प्रा. धनंजयराव गाडगिळांच्या साह्याने भागभांडवल गोळा केले, आणि 1950 साली त्यांचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. यांपैकी कोणाच्या रक्तात व्यापार होता?

मग फरक कोठे पडतो? तो घरात पडतो, आणि मूल दहा वर्षांचे होण्याच्या आत पडतो. दिवाळीची एकच संध्याकाळ घ्या. व्यापाऱ्याच्या पेढीवर त्या दिवशी चोपडीची पूजा होते. कोऱ्या वहीवर कुंकवाचे बोट उमटते आणि मुलगा ते पाहतो. आपल्या मध्यमवर्गीय घरातही लक्ष्मीपूजन होते. परंतु चौरंगावर असतात दागिने, चार नाणी आणि अलीकडे बँकेची पासबुके. एका घरी मूल शिकते की लक्ष्मी ही हिशेबात राहते, फिरते आणि वाढते. दुसऱ्या घरी ते शिकते की लक्ष्मी ही कपाटात राहते आणि तिला कुलूप लावायचे असते. दोन्ही घरी आरती झाली, परंतु पूजा एकाच देवतेची झाली असे आम्ही म्हणणार नाही.

पुढचे शिक्षणही याच धोरणाने चालते. दुकानदाराचा मुलगा शाळेतून आल्यावर गल्ल्याजवळ बसतो. उधारी कोणाला द्यावी, कोणाला नाकारावी, माल पडून राहिला तर किती दिवसांनी तोट्यात विकून मोकळे व्हावे, हे सर्व त्याच्या कानावरून जाते. आपल्या घरी बापाचा पगार हे आईलाही पुष्कळदा न कळणारे गुपित असते, आणि ‘मोठ्यांच्या बोलण्यात पडू नये’ हा अर्थशास्त्राचा पहिला व शेवटचा धडा असतो. थेंबे थेंबे तळे साचे, अंथरूण पाहून पाय पसरावे, ही वचने चुकीची नाहीत. परंतु ती सारी राखण्याची आहेत. अंथरूण मोठे कसे करावे हे मुलाला कोण सांगतो? आणि गंमत अशी की उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी, ही म्हणही आपलीच आहे. ती पाठ म्हणून घेतली जाते आणि मुलाला स्पर्धापरीक्षेस बसविले जाते.

या वळणाला इतिहास आहे, हे आम्ही नाकारीत नाही. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथे आपली कितीतरी घराणी आली ती दरबाराच्या चाकरीनिमित्त. फडणीस, चिटणीस, कारखानीस, पोतनीस ही आपली आडनावेच दुसऱ्याच्या दौलतीच्या व्यवस्थेची आहेत. पिढ्यान् पिढ्या आपण मोडीत जमाखर्च लिहिला, ताळा जमविला, पण रक्कम नेहमी धन्याची होती. म्हणजे हिशेबाचे ज्ञान कमी नव्हते. स्वतःच्या नावाचे खाते तेवढे नव्हते. 1948-49 साली ही संस्थाने विलीन झाली आणि धनी गेला. चाकरीचे संस्कार मात्र राहिले. फक्त दरबाराच्या जागी कचेरी आली, कचेरीच्या जागी आता संगणकाची कंपनी आली. पगार वाढला, परंतु पगाराकडे पाहण्याची दृष्टी कारकुनाचीच राहिली.

सर्वांत घातक संस्कार बुडीत धंद्याच्या कथेचा. बहुतेक प्रत्येक मराठी घराण्यात असे एक काका असतात, ज्यांनी कधी काळी छापखाना किंवा साबणाचा कारखाना काढला आणि हात पोळून घेतले. त्यांचे नाव तीन पिढ्या धाक घालण्यासाठी वापरले जाते. ते कशामुळे बुडाले, उधारी थकली की भागीदार फसवून गेला की भांडवल अपुरे पडले, हे कोणी सांगत नाही; कारण कोणी विचारलेलेच नसते. व्यापारी घरातही माणसे बुडतात. तेथे त्या बुडण्याची कारणमीमांसा होते, नातलग पुन्हा माल उधार देतात आणि दुसरे दुकान निघते. आपल्याकडे बुडण्याची केवळ दंतकथा होते. तोटा हा एके ठिकाणी खर्च ठरतो, दुसरे ठिकाणी कलंक.

यावर ठेवणीतले उत्तर येते : ‘आमची परंपरा संतांची, पैसा हा हाताचा मळ.’ ज्या तुकोबांच्या नावाने हे सांगितले जाते त्यांच्या घरी देहूची महाजनकी होती आणि त्यांनी स्वतः दुकान चालविले होते. प्रामाणिक व्यवहाराने धन जोडावे आणि त्यात गुंतू नये, असा त्यांचा उपदेश. जोडूच नये असा नव्हे. विरक्ती ही ज्याने मिळविले त्याची शोभा. ज्याने प्रयत्नच केला नाही त्याच्या तोंडी ती निव्वळ सबब ठरते.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. संस्कार काय करणार, मुळात भांडवल आणि समाजाची दारेच बंद असतील तर? हा आक्षेप आम्ही मान्य करतो, आणि त्याचा सर्वांत लाजिरवाणा दाखला बडोद्याचाच आहे. 1917 साली सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर परदेशी अर्थशास्त्र शिकून आलेल्या भीमराव आंबेडकरांना या शहरात, केवळ जातीमुळे, राहावयास जागा मिळाली नाही. पुढे 1923 साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिणाऱ्या माणसाची ही कथा. ज्यांच्यापुढे अशी भिंत होती त्यांना संस्कारांचे व्याख्यान देण्याचा अधिकार आम्हांला नाही, कोणालाच नाही. परंतु ज्यांना घर होते, शिक्षण होते, निवृत्तिवेतन होते, त्यांनी त्या भिंतीच्या आड लपू नये. त्यांच्यापुढे भिंत नव्हती. फक्त उंबरा होता.

आणि मुलींचे काय? 2005 सालच्या दुरुस्तीने हिंदू कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीने जन्मसिद्ध वाटा मिळाला. कायदा पोचला, कागदपत्रे पोचली नाहीत. मुलीला पाटल्या दाखविल्या जातात, खरेदीखत दाखविले जात नाही. अर्धे घर अशा अज्ञानात ठेवून उरलेल्या अर्ध्याकडून उद्योगाची अपेक्षा करणे हा कोणत्याही वहीत न बसणारा हिशेब आहे.

लोकहितवादींनी ‘लक्ष्मीज्ञान’ हे अर्थशास्त्रावरील पुस्तक मराठीत आणले ते 1849 साली. ग्रंथांची उणीव तेव्हापासून नाही. उणीव आहे ती घरातल्या बोलण्याची. म्हणून आमचे मागणे लहान आहे आणि त्याला खर्च नाही. येत्या लक्ष्मीपूजनास चौरंगावर घरच्या जमाखर्चाची वही ठेवा. नसेल तर त्या दिवशी सुरू करा. आरती झाल्यावर मुलामुलींना ती वाचून दाखवा : किती आले, किती गेले, कर्ज किती, कोठे चुकले. त्या बुडालेल्या काकांची हकीकत एकदा आकड्यांसह सांगा. इतके करूनही मुलाने नोकरीच पत्करली तर खुशाल पत्करू द्या. निदान ती त्याने निवडलेली असेल, वारशाने आलेली नसेल. मग रक्ताची भाषा वैद्यांपुरती राहील.