यातला तुमचा तुकडा कुठला?

गुलाममोहम्मद शेख यांच्या चित्रांचा विषय निघाला की 'गंगा-जमुनी संस्कृती' आणि 'ऐक्याचा संदेश' हे शब्द हमखास येतात. वापरणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, हे मान्य. तरीही माझे या शब्दांशी भांडण आहे.

शेख मूळचे सौराष्ट्रातल्या सुरेंद्रनगरचे. ते कविता लिहितात गुजरातीत, आणि बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात आधी शिकले, मग तिथेच शिकवू लागले. त्यांच्या 'माप्पामुंडी' चित्रमालिकेचा आधार मध्ययुगीन युरोपातला जगाचा एक नकाशा आहे. त्या नकाशाभोवती कबीर आहे, मजनू आहे, सोन्याच्या हरणामागे निघालेला राम आहे आणि मेरी मॅग्डालीनही आहे. आपण लगेच म्हणतो, काय सुंदर मेळ घातलाय!

स्वतः शेख काय सांगतात? भारतात जगणे म्हणजे एकाच वेळी अनेक काळांत आणि अनेक संस्कृतींत जगणे, असे ते सांगत आले आहेत. म्हणजे त्यांनी मेळ घातलेलाच नाही. मेळ घालायला वस्तू आधी वेगळ्या असाव्या लागतात. इथे चित्रकाराने फक्त आपले घर उघडून दाखवले आहे.

आणि ते घर काही नुसते गोडगुलाबी नाही. 1981 ते 84 या काळात रंगवलेले 'सिटी फॉर सेल' पाहा. बडोदे शहर आहे, भाजीवाली आहे, थिएटरात 'सिलसिला' चालू आहे आणि त्याच चौकटीत दंगलही आहे. ऐक्याचे पोस्टर काढायचे असते तर दंगल वगळली असती. शेखांनी ती वगळली नाही, कारण शहर तसेच होते. 'संदेश' म्हणून टाळ्या वाजवणारे नेमका हाच कोपरा पाहायचे टाळतात.

मला शिक्षकांच्या खोलीत अनेकदा ऐकावे लागले आहे, "तुम्ही असून मराठी किती छान शिकवता!" कौतुकच असते ते. पण त्या 'असून'मध्ये एक प्रश्न दडलेला असतो: यातला तुमचा तुकडा कुठला? वर्गात गेल्यावर मी हजेरी घेतो, फळ्यावर तारीख लिहितो, मुले दप्तरातून कागद काढतात. हजेरी, तारीख, दप्तर, कागद हे सगळे शब्द अरबी-फारसीतून आलेले. ते वापरणाऱ्या कुणालाही "तुम्ही असून फारसी किती छान बोलता" असे कुणी म्हणत नाही.

रामाचे चित्र काढल्याबद्दल गुलाममोहम्मदला शाबासकी देणे हासुद्धा त्याला परका ठरवण्याचाच एक सभ्य प्रकार आहे. त्याच्या चित्रातला राम, कबीर, मजनू आणि दंगलीतला धूर, सगळे त्याचेच आहे. शाबासकी राहू द्या. चित्र मात्र पूर्ण पाहा, त्या कोपऱ्यासकट.