घरचा नळ, फवारणीचा ड्रम आणि मधली नळी

फवारणीचे दिवस आहेत, म्हणून हा विषय. आज औषधाचं प्रमाण नाही, औषध कालवायचं पाणी आपण घेतो कुठून ते बोलू.

बहुतेक वाड्यावस्त्यांवर पद्धत एकच. घरच्या नळाला नळी खोचायची, क्लॅम्प आवळायचा आणि दुसरं टोक 200 लिटरच्या ड्रममध्ये तळापर्यंत सोडायचं. पाण्याच्या जोरानं औषध आपोआप ढवळलं जातं, काठी लागत नाही. सोयीचं आहे, पण माझ्या मते हे बंद झालं पाहिजे.

कारण साधं आहे. बॅरलमधून डिझेल काढताना नळी तोंडानं ओढतो, एकदा धार लागली की डिझेल आपोआप खाली येत राहतं. तेच इथंही होतं. नळाचं पाणी अचानक गेलं, गावचा व्हॉल्व्ह बंद झाला किंवा घरावरची टाकी संपली, की पाइपात पोकळी तयार होते. त्याच वेळी खालच्या अंगाला कुणी नळ उघडला, किंवा शेजाऱ्यानं नळाला थेट मोटर लावली, तर ड्रममधलं औषधाचं पाणी नळीतून उलटं घराच्या पाइपात जातं. नंतर पाणी आलं की तेच पाणी स्वयंपाकघरात, हंड्यात. सार्वजनिक लाइन असेल तर शेजारच्या घरातसुद्धा.

काही जण म्हणतील, "इतकी वर्षं भरतोय, काय झालं नाही." झालं नाही, कारण पाणी जाणं आणि नळी बुडालेली असणं या दोन्ही गोष्टी रोज एकाच वेळी घडत नाहीत. पण गावचं पाणी ठरावीक तासच येतं, म्हणजे लाइन रोज रिकामी होते. शिवाय काही औषधांना वास नसतो, पाण्यात थोडी मिसळली तर कळणारही नाहीत.

आमचं सगळं सेंद्रिय आहे, आम्हाला काय भीती, असंही कुणी समजू नये. जीवामृताच्या ड्रममध्ये 10 किलो शेण आणि गोमूत्र असतं. ते पिकाला चांगलं, माणसाच्या पोटाला नाही. लहान लेकरांना जुलाब लागायला तेवढं पुरे.

गंमत म्हणजे हे आपल्याला कळत नाही असं नाही. ड्रिपला व्हेंचुरी बसवताना खताचं पाणी विहिरीत, बोअरमध्ये उलटं जाऊ नये म्हणून आपण आधी एनआरव्ही टाकतो. बोअरची जेवढी काळजी, तेवढी घरच्या हंड्याची नको का?

करायचं काय?

1. नळीचं टोक पाण्याला कधीच टेकू द्यायचं नाही. ड्रमच्या काठाच्या वर वीतभर, तारेनं किंवा हुकानं बांधा. मधे हवा राहिली की उलटं ओढायला काही उरतच नाही. हा उपाय फुकटचा आणि सगळ्यात खात्रीचा.
2. त्याहून बरं म्हणजे साध्या पाण्याचा वेगळा ड्रम ठेवा. नळी फक्त त्यात. औषधाच्या ड्रममध्ये बादलीनं पाणी टाका आणि काठीनं ढवळा.
3. अंगणातल्या नळाला अर्ध्या इंचाचा एनआरव्ही बसवा. एका फवारणीच्या औषधापेक्षा स्वस्त पडतो. पण त्यात कचरा, वाळू अडकली की तो नीट बंद होत नाही, म्हणून फक्त त्याच्या भरवशावर नळी बुडवू नका.
4. फवारणीची नळी वेगळी ठेवा, लाल रंगाची पट्टी गुंडाळा. त्या नळीनं पिण्याचं पाणी भरायचं नाही, जनावरांचंसुद्धा नाही.
5. काम झालं की नळी नळावरून काढून ठेवा.

कृषी सहायक आणि कंपन्यांचे प्रतिनिधी हे वाचत असतील तर एक विनंती. शिबिरात हातमोजे, मास्क सांगता, ते बरोबरच आहे. त्यात या नळीचं एक वाक्य वाढवा. मास्क फवारणाऱ्याला वाचवतो, पण नळाचं पाणी अख्खं घर पितं.

आज संध्याकाळी अंगणात जाऊन बघा, तुमच्या नळीचं टोक कुठं आहे ते. आणि घरातल्या पोरांनाही हे दाखवा, पुढच्या वेळी ड्रम तेच भरणार आहेत.