मर्चंट अकाउंट : खाते नव्हे, कर्ज

आपल्या मंडळातील बऱ्याच घरांतून आता इंटरनेटवर लहानमोठे व्यवसाय चालतात. कुणी दिवाळीचा फराळ पाठवतात, कुणी पैठण्या विकतात, कुणी तबल्याचे वर्ग घेतात. आमच्या घरी माझी पत्नी पेणहून गणपतीच्या मूर्ती मागवून विकते. ओळखीच्या मंडळींत चेकवर भागते, पण दुसऱ्या राज्यातला अनोळखी ग्राहक क्रेडिट कार्डच पुढे करतो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर असल्यामुळे ‘कार्ड घेण्याची सोय करून द्या’ अशी विचारणा माझ्याकडे नेहमी होते. वेबसाइटवर पैसे भरण्याचे बटण लावणे हे एका संध्याकाळचे काम आहे. त्यानंतरचा प्रश्न मात्र ठरलेला असतो : ‘सर्वांत कमी टक्के कोण घेतो?’

माझ्या मते हा प्रश्न पहिला नसावा. मर्चंट अकाउंट नावाने खाते असले तरी प्रत्यक्षात ते कर्ज आहे, आणि नवरा-बायकोने ते घराच्या कर्जाइतक्याच काळजीने वाचून मग सही करावी.

कर्ज कसे?

ग्राहकाने कार्ड दिले की एक-दोन दिवसांत पैसे आपल्याकडे येतात, पण व्यवहार तिथे संपत नाही. माल मिळाला नाही, भलताच मिळाला, किंवा हा खर्च मी केलाच नाही, अशी तक्रार ग्राहक आपल्या कार्डाच्या बँकेकडे करू शकतो. १९७४ च्या फेअर क्रेडिट बिलिंग ॲक्टनुसार बिलातील चुकीबद्दल त्याला स्टेटमेंटपासून ६० दिवसांची मुदत आहे. व्हिसा आणि मास्टरकार्ड यांच्या नियमांत ती बहुतेक बाबतीत १२० दिवसांपर्यंत जाते. माल न मिळाल्याची तक्रार असेल तर हे दिवस साधारणपणे माल मिळायला हवा होता त्या तारखेपासून मोजतात. तक्रार मान्य झाली की पैसे परत घेतले जातात. यालाच चार्जबॅक म्हणतात. दुकानदाराकडे पैसे नसतील तर त्याच्या बाजूच्या बँकेला ते भरावे लागतात. म्हणजे विक्रीच्या दिवसापासून बँक आपल्याला एक प्रकारे उधारीच देत असते.

मूर्तींचेच उदाहरण घेऊ. समजा, मे ते जुलैमध्ये ८० डॉलरप्रमाणे २०० मूर्तींची आगाऊ नोंदणी झाली. १६,००० डॉलर जमा झाले आणि त्यातले बरेचसे पेणच्या कारखानदाराला व जहाजाच्या भाड्याला गेले. कंटेनर बंदरात अडकला आणि चतुर्थी उलटून गेली, तर त्या मूर्ती कोण घेणार? सगळ्यांनी तक्रार केली तर १६,००० डॉलर परत द्यावे लागतील. शिवाय प्रत्येक तक्रारीमागे १५ डॉलर फी धरली तरी आणखी ३,००० डॉलर झाले. बँकेचा अधिकारी अर्ज पाहताना नेमका हाच हिशोब करतो. आपणही तो आधी करावा.

टक्क्यांचा हिशोब

आता दर पाहू. पेपाल, स्ट्राइप यांसारख्या कंपन्या स्वतःच्या मोठ्या खात्याखाली आपल्याला जागा देतात. २.९ टक्के अधिक ३० सेंट हा स्ट्राइपचा परिचित दर. ८० डॉलरच्या मूर्तीमागे २ डॉलर ६२ सेंट होतात. बँकेकडून स्वतंत्र मर्चंट अकाउंट घेऊन अर्धा टक्का वाचला, तर १६,००० डॉलरच्या विक्रीवर ८० डॉलर वाचतील. पण त्या खात्याची महिन्याची फी २५ डॉलर असेल तर वर्षाला ३०० डॉलर जातील. या हिशोबाने वर्षाची विक्री ६०,००० डॉलरच्या वर गेल्याशिवाय टक्क्यांसाठी स्वतंत्र खाते घेण्यात अर्थ नाही.

खरा फरक आहे तपासणीच्या वेळेत. पहिल्या प्रकारात खाते काही मिनिटांत उघडते आणि कसून तपासणी पुढे होते, बहुधा विक्री अचानक वाढली की. म्हणजे ऐन हंगामात पैसे रोखले जाण्याची शक्यता असते. बँक आधी सगळे विचारते, वेळ घेते. पण तिला आपला हंगाम अगोदरच ठाऊक असतो. म्हणून वर्षभर सारखी चालणारी छोटी विक्री किंवा शिकवणी असेल त्यांनी पहिला मार्ग घ्यावा. महिनोन्‌महिने आधी पैसे घेणाऱ्यांनी थोडा जास्त खर्च सोसूनही हिवाळ्यातच बँकेकडे अर्ज करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

सहीपूर्वी काय पाहावे?

वैयक्तिक हमी : एलएलसी काढली की घर सुरक्षित, असा समज आहे. पण बहुतेक करारांत मालकाची वैयक्तिक हमी असते. दुसऱ्याला जामीन राहताना आपण दहा वेळा विचार करतो. इथे आपण आपल्याच कंपनीला जामीन राहत असतो.

राखीव रक्कम : विक्रीचा काही भाग, उदाहरणार्थ १० टक्के, १८० दिवस अडकवून ठेवण्याची अट असू शकते. तेवढी गंगाजळी हाताशी हवी.

यंत्राची लीज : केवळ इंटरनेटवर विक्री असेल तर कार्डाचे यंत्र लागत नाही. ४८ महिन्यांची, मध्येच न सुटणारी लीज कुणी पुढे केली तर नम्रपणे नको म्हणावे.

विक्रीचा अंदाज : ‘कमी सांगितलेले बरे’ ही आपली सवय इथे महागात पडते. सर्वांत मोठ्या महिन्याचा आकडा खरा लिहावा.

स्टेटमेंटवरील नाव : दुकानाचे नाव एक आणि एलएलसीचे दुसरे असेल तर ग्राहकाला खर्च ओळखू येत नाही व तो तक्रार करतो. दुकानाचेच नाव छापून घ्यावे.

चार्जबॅक फार झाल्यामुळे खाते बंद झाले तर नाव मास्टरकार्डच्या ‘मॅच’ यादीत जाऊ शकते. ते तिथे पाच वर्षे राहते आणि त्या काळात दुसरे खाते मिळणे फार अवघड होते.

दोन गोष्टी आपल्यासारख्यांसाठी. एच-१बी व्हिसावरील व्यक्तीला परवानगी मिळालेल्या नोकरीबाहेर काम करता येत नाही. त्यात स्वतःचे दुकानही आले. एच-४ वरील काही जोडीदारांना २०१५ पासून वर्क परमिट मिळू शकते. अर्जावर कोणाचे नाव घालायचे हे इमिग्रेशन वकिलाला विचारूनच ठरवावे. दुसरे, कार्डावरील विक्री १०९९-के फॉर्मवर आयआरएसला कळते, आणि त्या आकड्यातून फी किंवा परत केलेले पैसे वजा केलेले नसतात. त्यांची नोंद आपणच ठेवायची.

हे सारे वाचून कुणी व्यवसायाचा विचार सोडावा असा हेतू नाही. कर्ज घेऊनच आपल्यापैकी बहुतेकांनी इथे घरे घेतली. घेताना हप्ता आणि मुदत पाहिली, इतकेच. तेवढीच चिकित्सा इथेही करावी. ज्यांनी असे खाते घेतले आहे त्यांनी आपल्या करारातील अटी व आलेले अनुभव संपादकांकडे जरूर लिहून पाठवावेत. इतर सभासदांना त्याचा उपयोग होईल.