सहल डोंगरावर न्या, पण वाटाड्याचं ऐका



सहलीचा विषय निघाला की आपल्या शाळांमध्ये तीच तीच नावं येतात. वेरूळ, दौलताबाद, पैठण, शिर्डी आणि हल्ली वॉटर पार्क. मुलं गाडीतून उतरतात, रांगेत उभी राहतात, फोटो काढतात, परत गाडीत बसतात. वाईट काही नाही त्यात. पण सातवीपर्यंत येऊनही आपल्या मुलांनी एकदाही उंच डोंगर पायानं चढलेला नसतो. "महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कोणते?" असं विचारलं की सगळा वर्ग एका सुरात "कळसूबाई, 1646 मीटर" म्हणतो. 1646 मीटर म्हणजे काय, हे ना मुलांना माहीत असतं, ना शिकवणाऱ्याला. मलाही नव्हतं. डी.एड.ला पाठ घेताना हा आकडा मी कितीदा फळ्यावर लिहिला असेल!

म्हणून मागच्या डिसेंबरात आम्ही सहल कळसूबाईला नेली. मुलं एकतीस, शिक्षक चार. ती कशी झाली ते सांगते, कारण त्यावरूनच माझं मत बनलं आहे. त्यात माझी एक चूकही आहे.

आधी पालक सभा. डोंगराचं नाव काढताच शांतता. मग एक आजी उठल्या, "मॅडम, पोरींना कशाला डोंगरावर? लेकरू पडलं-झडलं तर?" एका वडिलांनी विचारलं, तिथं ऑक्सिजन लागतो का? हसू नका. टीव्हीवर बर्फ आणि नळकांडी पाहिलेल्या माणसाचा हा रास्त प्रश्न आहे. त्यांना सांगितलं की विरळ हवेचा त्रास साधारण अडीच हजार मीटरच्या वर सुरू होतो, कळसूबाई त्याच्या पुष्कळ खाली आहे. एव्हरेस्ट 8849 मीटर. पाच कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी एव्हरेस्ट सहाशेवर मीटर उरतंच. (हे गणित नंतर पाचवीला घातलं, मुलांनी आवडीनं सोडवलं.)

आमच्या वर्गातली निम्मी मुलं ऊसतोड कामगारांची. दिवाळी झाली की आईबाप कोयत्यावर जातात, मुलं आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. त्यामुळे कितीतरी परवानग्या फोनवर घ्याव्या लागल्या. फडातून बाप बोलतोय, मागं ट्रॅक्टरचा आवाज, "मॅडम, तुमच्या जबाबदारीवर पाठवतो." हे वाक्य प्रत्येक शिक्षकाला ओळखीचं असेल. सहलीचा कागद हातात घेताना आपल्या पोटात जो गोळा येतो तो याच वाक्याचा असतो. सरळ सांगायचं तर आपण डोंगर टाळतो तो मुलांसाठी नाही, स्वतःसाठी टाळतो. उद्या काही झालं तर कोण उत्तर देणार?

केजहून बीड, नगर, संगमनेर, अकोले, राजूर करत रात्रभराच्या प्रवासानं पायथ्याच्या बारी गावात पोहोचलो. गावातले दोन वाटाडे आधीच ठरवले होते. यावरही आमच्यात वाद झाला होता. एक सहकारी म्हणाले, वाट मळलेली आहे, शिड्या आहेत, माणसांची ये-जा आहे, वाटाड्याला पैसे कशाला? युट्यूबवर सगळं दिसतं. तेव्हा मलाही ते थोडंफार पटलं होतं.

वाटाडे दादांनी पहिली गोष्ट कुठली केली असेल तर सगळ्यांचे पाय पाहिले. कुणाचे बूट, कुणाच्या सँडल, कुणाची चप्पल. दोघांच्या चपला सुतळीनं घोट्याला बांधून दिल्या. मग मुलं मोजली. मग म्हणाले, "जो सगळ्यात हळू चालतो तो माझ्या मागं, पुढं. बाकीचे त्याच्या मागं." आपण शाळेत नेमकं उलटं करतो. हुशार पुढं, मागं राहिलेला मागंच. दुसरा वाटाड्या सगळ्यांच्या शेवटी. त्याच्या मागं कुणी राहायचं नाही, शिक्षकसुद्धा नाही. आणि शेवटचं, "अकराच्या आत विहिरीपाशी जो येईल तो वर जाईल. अकरानंतर जो येईल तो तिथून माघारी." ही विहीर शेवटच्या चढाच्या अलीकडे आहे. मी मान डोलावली. सकाळी साडेसहाला मान डोलवायला काय जातं?

शिड्यांवर दादांनी शिकवलेलं आजही मुलांना पाठ आहे. दोन हात आणि दोन पाय, यातले तीन कायम शिडीला. एका वेळी एकच सुटणार. उतरताना तोंड शिडीकडं. एका पायरीवर एकच मूल. वर्गात पहिला येणारा आमचा एक विद्यार्थी तिथं थिजला, रडू लागला. त्याच्या मागं असलेला, कधी गृहपाठ न करणारा मुलगा म्हणाला, "खाली बघू नको, माझ्या आवाजाकडं ध्यान दे." तो मुलगा मागच्या वर्षी आईबापाबरोबर फडात होता, उसाच्या भरल्या ट्रॅक्टरवर चढून बसायची त्याला सवय. कुणाला काय येतं हे आपल्या मूल्यमापनाच्या रकान्यात कुठं बसतं?

हे सगळं होत असताना मी कुठं होते? मी पुढं होते, फोटो काढत. शाळेच्या ग्रुपवर टाकायला.

अकराला आम्ही बहुतेक जण विहिरीपाशी होतो. सात मुलं मागं राहिली. ती आली तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. त्यात सातवीतली एक मुलगी होती, आजीजवळ राहणारी. पाय ओढत आली, पण हसत होती. शिखर समोर दिसत होतं. दादा म्हणाले, ही सात जणं इथंच थांबतील आणि माघारी फिरतील. मी वाद घातला. रात्रभर प्रवास करून आलोय, वीस मिनिटांवर आहे, आकाश स्वच्छ आहे, एवढ्या लांबून पुन्हा कधी येणार ही लेकरं? माझा आवाज चढला हेही कबूल करते.

दादा शांतपणे म्हणाले, "मॅडम, चढायला वीस मिनिटं लागतील. उतरायला किती लागतील ते तिच्या पायाला विचारा."

बूट काढायला लावले. बूट मोठ्या बहिणीचे, दोन माप मोठे. पुढं कागद कोंबलेला. दोन्ही टाचांना फोड, एक फुटलेली, मोज्याला रक्त. तिनं सकाळपासून कुणाला सांगितलं नव्हतं. का सांगितलं नाहीस म्हटलं तर म्हणाली, "तुम्ही गाडीत बसवलं असतं."

मी तिच्या वर्गाची शिक्षिका. तिचे पाय गावातल्या एका माणसानं चालीवरून ओळखले आणि मी तिचे फोटो काढत होते.

बाकीची मुलं दुसऱ्या शिक्षकांबरोबर आणि एका वाटाड्याबरोबर वर गेली, मी सात जणांबरोबर माघारी वळले. आम्हाला खाली यायला चार वाजले. वर गेलेली मुलं आमच्या मागून येऊन आमच्या आधी बारीत पोहोचली. दिवसभर ना पाऊस, ना वारा. आकाश शेवटपर्यंत निळं. म्हणजे गोष्टीतल्यासारखं वादळ आलं आणि वाटाड्या खरा ठरला, असं काही झालं नाही. ती मुलगी कदाचित वर पोहोचलीही असती. पण शिड्या थकलेल्या पायानं उतरायच्या होत्या, आणि डिसेंबरात सहाला अंधारतं. वादळ आलं नाही म्हणून दादा चुकले असं मी म्हणणार नाही.

त्या सात जणांना मात्र विहिरीपाशी बसून दादांनी जे दिलं ते वर गेलेल्यांना मिळालं नाही. शिखर लहान, मंदिराजवळ गर्दी, फोटो, आणि खाली. इथं दादांनी कळसूची गोष्ट सांगितली. कळसू नावाची कोळ्याची पोर पाटलाघरी कामाला राहिली ती अटीवर, झाडलोट करणार नाही, भांडी घासणार नाही. एके दिवशी ते काम तिच्या माथी मारलं, तशी ती घर सोडून या डोंगरावर आली आणि इथंच राहिली. नवरात्रात तिची जत्रा भरते. "पोरींना कशाला डोंगरावर" म्हणणाऱ्या आजींना ही गोष्ट मी आल्यावर मुद्दाम सांगितली.

मग पाण्याचा विषय. खाली भंडारदरा. 1926 मध्ये पूर्ण झालेलं धरण, प्रवरेवरचं. प्रवरा पुढं गोदावरीला मिळते, गोदावरी पैठणला जायकवाडीत येते आणि जायकवाडीच्या उजव्या कालव्यानं पाणी माजलगावला, म्हणजे आपल्या जिल्ह्यात येतं. मी मुलांना विचारलं, मग आपलं पाणी कुठून सुरू होतं? एकानं बोट खाली दाखवलं. भूगोलाचा असा तास मी आठ वर्षांत घेतला नव्हता. आणखी एक. याच अकोले तालुक्यातल्या हरिश्चंद्रगडापासून सह्याद्रीचा एक फाटा आग्नेयेकडे निघतो, तोच पुढं आपला बालाघाट होतो. आपली मांजरा त्याच बालाघाटात, पाटोदा तालुक्यात उगवते. केजच्या मुलाला हा डोंगर परका नाही, फक्त त्याला कुणी ते सांगितलेलं नाही.

काही पालक विचारतील, एवढा धोका घेऊन काय मिळतं? 2018 च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांच्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केलं, आदिवासी विकास विभागाच्या 'मिशन शौर्य'मधून. ती बातमी आपण सगळ्यांनी परिपाठात वाचली. पण त्यामागं कित्येक महिन्यांचं प्रशिक्षण होतं, आणि निवड झालेले सगळेच शिखरावर गेले नाहीत, काहींना थांबावं लागलं, हे परिपाठात कुणी वाचलं नाही. आपण फक्त झेंडा दाखवतो. मुलं मग टाचेची फोड लपवतात.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. डोंगर टाळू नका, आणि एकट्याच्या हिमतीवरही नेऊ नका. पायथ्याच्या गावातला वाटाड्या घ्या. खासगी संस्थेमार्फत जाणार असाल तर तिची नोंदणी विचारा. राज्याचं साहसी पर्यटन धोरण 2021 मध्ये आलं, त्यात नोंदणी सक्तीची आहे. माघारी फिरायची वेळ आदल्या दिवशीच मुलांना आणि पालकांना सांगा, म्हणजे ऐनवेळी कुणाला शिक्षा वाटणार नाही. पावसाळ्यात शनिवार-रविवारी तिकडं अजिबात नको, शिड्यांवर रांगा लागतात आणि खडक निसरडा असतो. हा सगळा भाग 1986 पासून अभयारण्य आहे, तेव्हा कुरकुऱ्यांची पाकिटं खिशात परत आणायची. आणि बूट! निघायच्या पंधरा दिवस आधी बूट तपासा, नवे नकोत, उसने नकोत. ज्याला नाहीत त्याच्यासाठी शाळेनं काहीतरी करावं. आम्ही यंदा सहलीच्या खर्चात तेवढी रक्कम धरली आहे.

सरावाला जवळच धारूरचा किल्ला आहे. सहा महिन्यांत दोनदा तिथं नेलं की कोण कुठं दमतं, कोण काय लपवतं ते कळतं. तेवढं मी मागच्या वर्षी केलं असतं तर विहिरीपाशी भांडायची वेळ आली नसती.

एक अडचण मात्र मला अजून सुटलेली नाही. डिसेंबरात नेलं तर टोळीबरोबर गेलेली मुलं सुटतात. मागच्या वर्षी वर्गातली चार मुलं अशी राहिली, आणि डोंगराची खरी ताकद त्यांच्याच पायात होती. दसरा ते दिवाळी या मधल्या दिवसांत नेलं तर ती मुलं सापडतात, पण तेव्हा परतीचा पाऊस दुपारी कधीही गडगडाट करतो. यंदा आम्ही तोच आठवडा धरतोय, माघारीची वेळ अकराऐवजी दहा ठेवून. पटतंय का सांगा. केज, धारूर, अंबाजोगाईकडच्या कुणा शिक्षकांनी त्या दिवसांत मुलं नेली असतील तर अनुभव जरूर कळवा.

ती मुलगी आता आठवीला दुसऱ्या शाळेत गेली. परवा तिच्या वडिलांचा फोन आला होता. उचल घेतली आहे, टोळी दिवाळीनंतर निघणार. त्याआधी सहल असेल तर जुनी विद्यार्थिनी म्हणून तिला घेता का, विचारत होते. आणि मी काही बोलायच्या आतच म्हणाले, "मॅडम, औंदा तिला मापाचे बूट घेतलेत. महिना झाला, रोज घालतीय."