डोकं बदलूया!

बालमित्रांनो, डोकं बदलल्याची गोष्ट म्हटली की तुम्हांला आपले गणपतीबाप्पाच आठवणार! आज आपणही एक डोकं बदलणार आहोत. घाबरू नका, हे डोकं आहे कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडचं.

चार पायांचं टेबल ओबडधोबड जमिनीवर डुगडुगतं. तीन पायांची तिवई मात्र कुठंही ठेवा, तिचे तिन्ही पाय टेकतातच. म्हणून कॅमेऱ्यालाही तीन पाय. त्या पायांवर जो फिरणारा, झुकणारा भाग असतो त्याला 'हेड' म्हणतात. कॅमेरा बसतो तो या हेडवर.

दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली वाटाण्याचं रोप कसं वाढतं याचं थोडं थोडं चित्रण करून छोटासा चित्रपट तयार केला. विचार करा, मधेच कॅमेरा जरासा जरी हलला असता, तर पडद्यावर रोपटं टुणकन उडी मारताना दिसलं असतं!

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातच पाहा ना. पावसाळ्याच्या तोंडावर भंडारदऱ्याला काजवे चमकतात. अंधारात त्यांचा फोटो काढायचा तर कॅमेऱ्याचा डोळा वीस-तीस सेकंद उघडा ठेवावा लागतो. तेवढ्यात झिजलेलं हेड हळूच खाली झुकलं, की फोटो बिघडलाच. आणि काजव्यांचे दिवस तरी किती? थोडेच! कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीला धावणारा काळवीट टिपायचा, तर अलगद वळणारं हेड हवं. म्हणजे काम बदललं की डोकंही बदलावं लागतं.

कुणाच्या घरी माळ्यावर जुना ट्रायपॉड पडला असेल. हेड खिळखिळं, पण पाय ठणठणीत. तो भंगारात देऊ नका बरं! आई-बाबांना किंवा ताई-दादाला सोबत घ्या आणि असं करा :

१. कॅमेरा आधी काढून बाजूला ठेवा. खाली गोधडी अंथरा. तिन्ही पाय पूर्ण फाकवून ट्रायपॉड उभा करा.

२. हेड गोल फिरवायची जी कळ असते ती घट्ट आवळा. नाहीतर हेड नुसतंच गरगर फिरेल, सुटणार नाही.

३. हेडच्या खालच्या चकतीला उलटं वाकून बघा. तिथं दोन-तीन बारीक स्क्रू असतील, तर ते आधी सैल करा.

४. एकानं मधला दांडा धरावा, दुसऱ्यानं बाटलीचं झाकण उघडतो तसं हेड फिरवावं. हात घसरला तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा. हातोडी नको! काही स्वस्त ट्रायपॉडचं हेड कायमचंच जोडलेलं असतं. ते सुटत नसेल तर हट्ट करू नका.

५. आता वर आलेला स्क्रू पट्टीनं मोजा. तो बहुधा ३/८ इंच, म्हणजे साधारण साडेनऊ मिलिमीटर जाड असतो. लहान असेल तर १/४ इंच. नव्या हेडचं भोक मोठं आणि स्क्रू लहान असेल, तर आतून-बाहेरून आटे असलेली छोटी बांगडी मिळते, ती भोकात बसवा. उलट असेल तर स्क्रूच काढून पाहा. पुष्कळदा त्याचं दुसरं टोक लहान मापाचं असतं.

६. नवं हेड बोटांनीच फिरवत बसवा. सुरुवातीलाच करकर लागली तर थांबा. आटे तिरके बसताहेत. थोडं उलटं फिरवा, मग पुन्हा सुरू करा. घट्ट बसलं की खालचे बारीक स्क्रू आवळा.

झालं? लगेच कॅमेरा चढवायचा नाही! आधी हेड हातानं दाबून, वळवून बघा. हलत नाही ना, याची खात्री करा. हेड गोळ्याचं, म्हणजे बॉलहेड असेल, तर कळ सैल करताना कॅमेरा दुसऱ्या हातानं धराच. नाहीतर तो मान टाकतो आणि आई-बाबांची पुंजी धाडकन आपटते!

पण एका कारखान्याचे पाय आणि दुसऱ्याचं डोकं, हे जमतं कसं? पूर्वी जो तो आपल्या मनासारखे आटे पाडायचा. १८४१ मध्ये इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी सुचवलं, की सगळ्यांनी आट्यांचं माप एकच ठेवावं. आज ट्रायपॉडच्या या स्क्रूंसाठी आयएसओ १२२२ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. एकमेकांना कधी न भेटलेल्या माणसांनी एक माप मानलं, म्हणून तुमच्या माळ्यावरच्या पायांना नवं डोकं बसतं. केवढी मोठी गोष्ट, नाही का?

आता तुमचं काम. कॅमेरा बसतो त्या १/४ इंची स्क्रूला एका इंचात २० आटे असतात. मग एक पूर्ण फेरा दिला की स्क्रू किती मिलिमीटर पुढं जाईल? एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. लागा बरं गणिताला! ट्रायपॉड नसेल तर सायकलचा एखादा बोल्ट कागदावर दाबून लोळवा आणि उमटलेल्या रेघा मोजा. बोल्ट परत जागेवर घट्ट बसवायला मात्र विसरू नका हं!