मी करणारी, मी खाणारा

"एवढ्याशा जाहिरातीवर कशाला शक्ती घालवायची?" आमच्या गटाच्या बैठकीत हे वाक्य उच्चारलं गेलं आणि ते उच्चारणारी मीच होते. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. टीव्हीवर एका मसाल्याच्या जाहिरातीत सासू भाजीची चव घेते आणि सून श्वास रोखून बाजूला उभी राहते. कंपनीला निषेधाचं पत्र लिहावं, असं आमच्यातल्या दोघी धाकट्या मैत्रिणींचं म्हणणं होतं. पण समोर हुंड्याच्या दोन केसेस होत्या, वकिलाची फी द्यायची होती. पत्र राहिलं. पुढे जपानमधल्या एका जाहिरातीची हकीगत वाचली आणि तेव्हापासून माझंच वाक्य मला टोचत आलं आहे.

साल १९७५, आंतरराष्ट्रीय महिला वर्ष. ऑगस्टच्या अखेरीला 'हाउस' या जपानी कंपनीनं 'शानमेन' नावाच्या झटपट नूडल्सची जाहिरात टीव्हीवर आणली. एक बाई आणि तिच्यासोबत एक लहान मुलगी गात-नाचत येतात आणि म्हणतात, "वाताशी त्सुकुरु हितो". मागोमाग पुरुष म्हणतो, "बोकु ताबेरु हितो". म्हणजे मी करणारी, मी खाणारा. आपल्या मराठीत 'री' आणि 'रा' एवढ्यानंच कोण ते कळतं. जपानीत तशी सोय नाही. तिथे 'मी' हाच शब्द वेगळा. 'बोकु' हा पुरुषांचा 'मी'.

मला त्या बाईपेक्षा ती लहान मुलगी जास्त खटकते. तिला अजून चुलीपर्यंत हात पुरत नसेल, पण आपण कोण हे तिला पाठ झालेलं आहे.

टोकियोत त्याच वर्षी स्त्रियांचा एक गट सुरू झाला होता. नाव लांबलचक, अर्थ एवढाच की महिला वर्षाच्या निमित्तानं आता कृती करणार. मताच्या हक्कासाठी तरुणपणापासून लढलेल्या आणि तेव्हा बयाऐंशी वर्षांच्या खासदार इचिकावा फुसाए या गटाच्या उभारणीत होत्या. ३० सप्टेंबरला गटातल्या काही जणी कंपनीच्या कचेरीत गेल्या. महिनाभरात जाहिरात थांबवा, नाहीतर बहिष्कारासकट पुढची पावलं उचलू, असं सांगून आल्या. साप्ताहिकांनी यथेच्छ टिंगल केली. या बायकांना दुसरं काम नाही, नूडल्सवरून कसली क्रांती, वगैरे. (ही वाक्यं जपानीतून मराठीत आणायला मला काहीच कष्ट पडले नाहीत.) ऑक्टोबरच्या अखेरीला कंपनीनं जाहिरात मागे घेतली.

त्याच ऑक्टोबरात पुण्यात संयुक्त स्त्री मुक्ती संघर्ष परिषद भरली होती. त्याआधी १९७२-७३ मध्ये महागाईविरुद्ध मुंबईच्या बाया लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. लाटणं हेच ज्यांचं निशाण, त्यांच्याच वारसदार म्हणवणाऱ्या मी 'स्वयंपाकघरातली जाहिरात' म्हणून विषय झटकावा!

आता मुद्दा असा, की टिंगल करणारे म्हणत ते खरंच होतं: गोष्ट छोटी होती. पाणी उकळायचं, नूडल्स टाकायच्या, काही मिनिटं थांबायचं. आईच्या हातची चव, पिढ्यांचं कसब, पुरणाचं नेमकं पाक होणं, असलं काहीच त्यात नाही. कोणीही करावं इतकं ते सोपं. म्हणून तर त्या दोन वाक्यांनी खरं काय ते बोलून टाकलं. बायकांना स्वयंपाक चांगला जमतो म्हणून त्या करतात, ही सबब इथे चालूच शकत नाही. पाणी त्यालाही उकळता आलं असतं. आपल्याकडची 'दोन मिनिटं'वाली कंपनी जपानी नव्हे, स्विस. पण मिनिटं तिथेही आईचीच.

पुरुषाच्या हातात पाकीट दिलेली जाहिरात नव्हती असं नाही. पिशवीतली तयार कढी गरम पाण्यात तीन मिनिटं ठेवायची, त्या 'बोन करी'ची १९७३ची जाहिरात जपानात अजून लोकांच्या आठवणीत आहे. लहान मुलाला घेऊन रानोमाळ भटकणाऱ्या एका सामुराईची चित्रकथा तेव्हा गाजत होती, तिचंच विडंबन. विनोदी कलाकार शोफुकुतेई निकाकु सामुराई होऊन मुलाला तीन मिनिटं थांबायला सांगतो. मजेदार आहे, मलाही हसू येतं. पण बापानं मुलाला जेवू घालायचं तर आधी त्याला सोंग घ्यावं लागलं.

जपानच्या त्या मैत्रिणींना अर्थात माहीत होतं की शानमेन ही नुसती जाहिरात नव्हे. १९७३ पासून तिथल्या उच्च माध्यमिक शाळेत गृहविज्ञान फक्त मुलींना सक्तीचं होतं. म्हणजे 'मी करणारी' हा सरकारी अभ्यासक्रमच होता, कंपनीनं त्याला चाल लावली इतकंच. हा विषय मुलगे-मुलींना एकत्र शिकवा, ही मागणीही त्याच काळातली. १९८५ मध्ये जपाननं स्त्रियांविरुद्धचा भेदभाव नष्ट करण्याचा आंतरराष्ट्रीय करार मान्य केला, तेव्हा सरकारला हालचाल करणं भाग पडलं. आणि १९९३-९४ पासून मुलगेही भाजी चिरायला, बटण लावायला शिकू लागले. जाहिरात दोन महिन्यांत गेली, अभ्यासक्रमाला जवळजवळ वीस वर्षं लागली.

त्यानंतरही सगळं आलबेल झालं म्हणावं, तर एका जपानी दुकानसाखळीनं आयत्या पदार्थांना 'आईची खानावळ' असं नाव दिलं. टीव्हीवर त्याची जाहिरात कोणी करावी? कातोरी शिंगो या लोकप्रिय कलाकारानं, 'आई'च्या वेषात. पुन्हा सोंग! २०२०च्या डिसेंबरात शाळकरी मुलींनी हे नाव बदला म्हणून सह्या गोळा केल्या. त्यांनाही तेच ऐकावं लागलं, की याहून महत्त्वाचं काही नाही का? २०२१च्या ऑक्टोबरात त्या पदार्थांना दुसरं नाव मिळालं.

ही सगळी हकीगत अलीकडे त्या दोघी मैत्रिणींना सांगितली. दोघींचे केस आता पिकले आहेत. एक म्हणाली, "ताई, मग तेव्हा सही का नाही केलीत?"

हुंड्याच्या केसेसचं कारण मी पुन्हा पुढे केलं नाही. आमच्या घरी तेव्हा तोच मसाला यायचा, आणि भाजी झाली की चव बघायला वाटी मी सासूबाईंपुढेच धरत असे.