‘विद्यार्थ्याने लघुग्रह शोधला’ : पोस्ट फॉरवर्ड करण्याआधी हे वाचा

‘आपल्या शाळेच्या मुलाने लघुग्रह शोधला, नासाने प्रमाणपत्र दिलं!’ सातारा असो की सांगली, अशी पोस्ट तुमच्याही ग्रुपवर आली असेल. मुलाचं कौतुक करायलाच हवं. पण ‘शोधला’ या शब्दात नेमकं काय दडलंय?

‘आयएएससी’ ही नासाशी जोडलेली आंतरराष्ट्रीय मोहीम विद्यार्थ्यांना हवाईमधल्या पॅन-स्टार्स दुर्बिणीचे फोटो देते. आकाशाच्या एकाच तुकड्याचे, थोड्या थोड्या वेळाने घेतलेले. त्यात सरकणारा ठिपका मुलं हेरतात. याला म्हणतात ‘प्राथमिक नोंद’. प्रमाणपत्र बहुतेकदा याचंच असतं.

पुढचं काम कक्षेचं. कराडच्या स्टँडवर तुम्हाला दक्षिणेकडे जाणारी एसटी दिसली, पाटी मात्र दिसली नाही. सांगलीची की कोल्हापूरची? पेठ नाक्यापर्यंत रस्ता एकच, त्यामुळे तिथे पोहोचेपर्यंत सांगता येत नाही. तासाभरात सरकलेल्या ठिपक्याचंही तसंच. मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यातले बहुतेक लघुग्रह सूर्याभोवती एका फेरीला ३ ते ६ वर्षं घेतात. तो ठिपका पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या वर्षी दिसला, तरच कक्षा पक्की होते आणि कायमचा क्रमांक मिळतो. अनेकदा तो आधीच कुणाला तरी दिसलेला निघतो.

आकाराचाही गोंधळ असतो. फोटोतून कळते ती फक्त चमक. पट्ट्यातला १८ निरपेक्ष प्रतीचा लघुग्रह कोळशासारखा काळा असेल तर सुमारे दीड किलोमीटरचा. फिकट, खडकाळ असेल तर जेमतेम ७०० मीटरचा. म्हणून ‘इतक्या मीटरचा लघुग्रह’ असा ठाम आकडा पोस्टमध्ये दिसला, तर तो कुठून आला हे विचाराच.

आणि नाव? पंडित जसराज यांच्या नावाचा लघुग्रह याच पट्ट्यात आहे. तो सापडला २००६ मध्ये, नाव जाहीर झालं २०१९ मध्ये. क्रमांक ३००१२८, म्हणजे पंडितजींची जन्मतारीख २८-०१-३० उलट्या क्रमाने! क्रमांक मिळाल्याशिवाय नाव नाही, आणि नावाला मान्यता देते आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटना. नासा नाही.

पालकांसाठी एक गोष्ट महत्त्वाची. आयएएससी सहभागासाठी पैसे घेत नाही. मधल्या कुणी फी मागितली, तर ती प्रशिक्षणाची की प्रमाणपत्राची, हे आधी लेखी घ्या.